फिल्म एक सांगते, पोर दुसरंच

१९९१ साली टोकियोत आशिया आणि ओशनियातल्या मेंदूविकारतज्ज्ञांची आठवी परिषद भरली होती. तिथल्या निबंधांच्या पुस्तकात ७२व्या पानावर मुंबईच्या चार डॉक्टरांची एक छोटी नोंद आहे. सिंघल, गुरसहानी, बिनीवाले आणि उदानी. विषय होता भारतात दिसलेली ‘मेगालेन्सेफॅलिक ल्युकोडिस्ट्रॉफी’. या शब्दाला घाबरू नका, पुढे फोड करून सांगतो. चार वर्षांनी याच आजारावर नेदरलँड्समधून सविस्तर निबंध आला आणि आज जगभर तो तिथल्या डॉ. मार्यो वान डेर नॅप यांच्या नावाने ओळखला जातो.

मी डॉक्टर नाही. पुण्यात एका कंपनीत कोड लिहितो. पण गेली काही वर्षं या एका आजारावरचे निबंध मी जमतील तसे वाचत आलोय. त्याचं कारण आमच्या वळसंगच्या घरात आहे, ते ओघात येईलच. आधी आजार.

मेंदूचे ढोबळमानाने दोन भाग धरा. बाहेरच्या करड्या भागात पेशी बसलेल्या असतात. आतला पांढरा भाग म्हणजे त्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या वायरी. प्रत्येक वायरीवर चरबीचं आवरण असतं, त्याला मायलिन म्हणतात. वायरीवरचं प्लास्टिक सोललं तर काय होतं ते घरात फ्यूज उडालेल्या कुणालाही माहीत आहे. ल्युकोडिस्ट्रॉफी म्हणजे या पांढऱ्या भागाचे आनुवंशिक आजार. त्यातले बरेचसे क्रूर आहेत. बसायला लागलेलं मूल बसायचं थांबतं, मग गिळायचं थांबतं, आणि काही जणांच्या बाबतीत सगळा खेळ दोन-तीन वर्षांत आटोपतो. ‘मेगालेन्सेफॅलिक’ म्हणजे मेंदू, आणि म्हणून डोकंही, नेहमीपेक्षा मोठं. डोकं मोठं आणि पांढरा भाग खराब, असे दोन आजार डॉक्टरांना आधीपासून माहीत होते, कॅनाव्हान आणि अलेक्झांडर. दोन्हींचं लहानपणी सुरू होणारं रूप वाईटच.

आता १९८०-९०च्या दशकातली परिस्थिती डोळ्यांपुढे आणा. एमआरआय नवीन आहे. मोठ्या डोक्याचं एक मूल येतं. फिल्म लाइटबॉक्सवर लावली, तर पांढरा भाग जवळजवळ सगळाच बिघडलेला, सुजलेला. कानशिलाच्या आत, मेंदूच्या पुढच्या टोकाला, पाण्याने भरलेल्या पोकळ्या. पुस्तकाप्रमाणे हे मूल अंथरुणाला खिळलेलं असायला हवं. प्रत्यक्षात ते चालत खोलीत आलेलं असतं. थोडं झोकांड्या खात, पण चालत. नाव विचारलं तर सांगतं, शाळेत जातं, भावाशी भांडतं.

दोन पुराव्यांची अशी गाठ पडली की माणूस सहसा यंत्रावर विश्वास ठेवतो. आमच्या धंद्यातही हेच चालतं. डॅशबोर्ड लाल झाला की सगळे धावतात. सर्व्हर नीट उत्तरं देतोय का, हे कुणी एखादाच तपासून पाहतो. वैद्यकात हे तपासून पाहणं म्हणजे लक्षणं टिपणं. मूल कितव्या महिन्यात बसलं, कधी चाललं, डोक्याचा घेर कधी वाढला, पहिली फिट कधी आली, आणि हे सगळं वर्षानुवर्षं त्याच मुलाच्या कागदावर. यात चमकदार काही नाही. हातात टेप आणि पेन, आणि आईचं म्हणणं ऐकून घ्यायची तयारी, एवढंच भांडवल.

वान डेर नॅप यांच्या १९९५च्या निबंधाच्या शीर्षकातच ही विसंगती आहे. आठ मुलं, पांढऱ्या भागाचा आजार, सूज, आणि ‘विसंगत वाटावा इतका सौम्य’ प्रवास. वैद्यकीय निबंधाच्या शीर्षकात लेखकाचं आश्चर्य इतकं उघडं क्वचितच दिसतं. पुढच्याच वर्षी, १९९६ साली, सिंघल आणि सहकाऱ्यांचा सविस्तर निबंध मुलांच्या मेंदूविकारांवरच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. मुंबई आणि ॲमस्टरडॅममध्ये वर्णन झालेली मुलं एकाच साच्यातली होती.

तो साचा असा. जन्मतः काही वेगळं दिसत नाही. पहिल्या वर्षात डोकं भराभर वाढतं, मग वाढीचा वेग नेहमीसारखा होतो, पण डोकं मोठं ते मोठंच राहतं. चालायला थोडा उशीर. काही वर्षांनी तोल जायला लागतो, पाय ताठरतात, बोलणं जड होतं. फिट येतात, पण बहुतेकदा साध्या गोळ्यांनी आटोक्यात राहतात. किशोरवयात किंवा त्यानंतर अनेकांना चाकाची खुर्ची लागते. बुद्धी मात्र बराच काळ टिकते आणि उतरली तरी हळू उतरते. आणि एक विचित्र गोष्ट, डोक्याला किरकोळ मार लागला तरी मूल एकदम ढासळतं. फिट, गुंगी, कधी बेशुद्धी, आणि मग पुष्कळदा पुन्हा पूर्वपदावर. हे शेवटचं लक्षण कुठल्याही फिल्मवर दिसत नाही, ते आई-बापांनी सांगितल्याशिवाय कळणारच नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी मात्र आणखी एक गोष्ट टिपली होती, आणि ती ॲमस्टरडॅममध्ये बसून दिसणं शक्य नव्हतं. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘एका वांशिक गटातील’ असे शब्द आहेत. तो गट म्हणजे अगरवाल समाज. वेगवेगळी कुटुंबं, एकमेकांशी ओळखही नसलेली, आणि मूळ समाज एकच.

इथे थोडं थांबण्यासारखं आहे. अगरवाल लोक आपलं मूळ हरियाणातल्या अग्रोह्याशी आणि महाराजा अग्रसेनांशी जोडतात. गर्ग, गोयल, बन्सल, मित्तल, जिंदल अशी अठरा गोत्रं सांगितली जातात (काही जण साडेसतरा म्हणतात, त्यामागची गोष्ट प्रत्येकाची वेगळी). नियम कडक. स्वतःच्या गोत्रात लग्न नाही, आणि परंपरेने समाजाबाहेरही नाही. म्हणजे जवळच्या रक्तात लग्न होऊ नये याची पक्की व्यवस्था. ज्या मुलांना हा आजार झाला त्यांच्या आई-बापांना तुमचं काही नातं आहे का विचारलं, तर ते ‘नाही’ म्हणणार आणि ते खरंच असणार. तरीही दोघांकडे एकाच जनुकातला एकच बिघाड. कारण फार पूर्वी समाजातल्या कुणा एका पूर्वजात तो आला, आणि समाजाच्या कुंपणाच्या आत गोत्रागोत्रांतून फिरत राहिला. गोत्र पाच-सात पिढ्यांचा हिशेब ठेवत असेल, बिघाड पन्नास पिढ्यांचाही ठेवतो.

असे आजार दोन्ही प्रती बिघडल्याशिवाय दिसत नाहीत. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून, एक बापाकडून. एक प्रत चांगली असली की माणूस ठणठणीत, पण वाहक. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक शक्यता.

आता वळसंगला येतो. सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालात की रस्त्यावर आमचं गाव लागतं, तालुका दक्षिण सोलापूर. अर्धं गाव घरात कन्नड बोलतं आणि बाजारात मराठी. आमच्याकडे अगरवालांच्या अगदी उलटी रीत आहे. अक्काच्या मुलीवर मामाचा पहिला हक्क, असं म्हाताऱ्या बायका आजही म्हणतात. इरावती कर्व्यांनी १९५३च्या ‘किन्शिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या पुस्तकात हे सगळं मांडून ठेवलंय. उत्तरेत नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते पसंतीचं, आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात, जिथे मामाची मुलगी चालते. आमचा भाग त्या मधल्या पट्ट्याच्या दक्षिण काठावर, त्यामुळे इथे मामा स्वतःच नवरा होऊ शकतो.

माझ्या मावशीचं लग्न तिच्या धाकट्या मामाशी झालं. म्हणजे तिचा नवरा माझ्या आजीचा सख्खा भाऊ. त्यांना काका म्हणायचं की आजोबा, हा घोळ आम्हा भावंडांत कायमचा; मी काका म्हणतो. त्यांचा मुलगा, माझा मावसभाऊ, २००४ सालचा. पहिल्या वाढदिवसाला आणलेली टोपी त्याच्या डोक्यात गेली नाही आणि सगळे हसले, हुशार होणार म्हणून. चालला पावणेदोन वर्षांचा झाल्यावर. पाचव्या वर्षी पहिली फिट आली, तेव्हा सोलापुरातल्या एका दवाखान्यात फिल्म काढली. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म बघितली, पोराकडे बघितलं नाही, आणि काकांना बाजूला घेऊन सांगितलं की दोन वर्षं धरून चला.

२००९ सालची ही गोष्ट. म्हणजे १९९१च्या त्या पानाला अठरा वर्षं झालेली होती, आणि ते पान ज्या मुंबईतून गेलं ती मुंबई एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर. मला त्या डॉक्टरांचा राग येतो, पण पुढचा हिशेबही कळतो. असा रुग्ण त्यांना आयुष्यात एखादाच दिसणार. दुर्मीळ आजाराची अडचणच ही असते की तो सगळीकडे थोडाथोडा असतो, आणि ओळखू येतो तो जिथे त्याचे रुग्ण एका दारात जमतात तिथेच. सिंघल ज्या बॉम्बे हॉस्पिटलात होते ते बिर्ला घराण्याच्या पुढाकाराने उभं राहिलेलं. देशभरातल्या मारवाडी, अगरवाल कुटुंबांना ते दार माहीतचं असावं, असं मला वाटतं. पुरावा माझ्याकडे नाही, पण अगरवाल मुलं एका टेबलावर जमली यात आजाराइतकाच या दाराचाही वाटा असणार. वळसंगच्या माणसाचं दार सोलापूरला, फार तर पुण्याला. तिथे आमच्यासारखे चार जण एका वेळी कधी जमणार?

असो. इतिहासाचा पुढचा टप्पा माझ्या आवडीचा, कारण तो डेटाचा आहे. २००० साली तुर्कस्तानातल्या कुटुंबांचा अभ्यास करून मेरल टोपचू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बिघाड २२व्या गुणसूत्राच्या अगदी टोकाला आहे. तुर्कस्तानातही नात्यातली लग्नं पुष्कळ, म्हणून तिथे ही कुटुंबं सापडली. पुढच्याच वर्षी पीटर लीखवॉटर, वान डेर नॅप आणि इतरांनी नेमकं जनुक शोधलं. गंमत म्हणजे ते जनुक आधीपासून यादीत होतं. जपानमधली काझुसा ही संस्था १९९०च्या दशकात माणसाच्या पेशींतून मिळतील तेवढ्या जनुकांची अक्षरं वाचून, त्यांचं काम काय हे माहीत नसताना, नुसते क्रमांक देऊन ठेवत होती. हे त्यातलं ‘केआयएए ००२७’. कुणीतरी शिस्तीत फाइल सेव्ह करून ठेवली होती, तिचं काम काय ते नंतर कळलं. आता त्याला एमएलसी१ म्हणतात.

२००४ साली अमेरिकेतल्या प्रयोगशाळा आणि सिंघल यांच्या संयुक्त कामातून अगरवाल मुलांचं उत्तर आलं. जवळपास तेरा वर्षांपूर्वी ज्यांची लक्षणं टेप-पेनाने टिपायला सुरुवात झाली होती, त्या गटात एकच समान बिघाड निघाला. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात ‘सी’ हे एक अक्षर जास्तीचं घुसलेलं. एका अक्षराने काय होतं? जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं. समजा वाक्य आहे ‘कमल बदक गवत सरळ’. ‘कमल’नंतर एक ‘ब’ घुसवा आणि तीन-तीन अक्षरं तोडत जा: ‘कमल बबद कगव तसर ळ’. तिथून पुढे सगळा कचरा. आमच्याकडे एका स्वल्पविरामाने आख्खी फाइल वाचता येत नाही, तसंच.

मग त्या विसंगतीचंही उत्तर हळूहळू मिळालं. एमएलसी१मधून बनणारं प्रथिन मायलिनमध्ये नसतंच. ते असतं ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या मदतनीस पेशींमध्ये, ज्या मेंदूतल्या पाण्याचा आणि क्षारांचा तोल सांभाळतात. २०११ साली बार्सिलोना आणि ॲमस्टरडॅमच्या गटांनी त्याचं जोडीदार प्रथिन शोधलं, ग्लायलकॅम. ते बिघडलं तरी हाच आजार होतो, आणि त्याच्या एका प्रकारात तर मुलं चक्क सुधारतात. तर या आजारात मायलिन जळून गेलेलं नसतं. त्याच्या थरांमध्ये पाणी साचून फुगे झालेले असतात. पुरात घर बुडालेलं दिसावं तशी ती फिल्म असते, पण आत माणसं माळ्यावर बसून जगत असतात. किरकोळ माराने मूल का ढासळतं आणि पुन्हा का सावरतं, तेही यातून काहीसं उलगडतं. पाण्याचा आधीच डळमळीत झालेला तोल धक्क्याने पार जातो आणि मग परत येतो. म्हणजे खोलीत चालत आलेलं मूल पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतं. फिल्मही खोटी नव्हती, तिचा अर्थ चुकीचा लावला जात होता.

नावाबद्दल कुणी विचारतं, की आपल्या लोकांचं श्रेय गेलं का? व्हॉट्सॲपवर टाकायला गोष्ट चांगली आहे, पण मला त्यात चोरी दिसत नाही. परिषदेतलं एक पान आणि फिल्मवरून आजार कसा ओळखायचा याची घट्ट मांडणी करणारा निबंध, यांत फरक असतो. वान डेर नॅप यांनी दुसरी गोष्ट केली. मला खुपतं ते वेगळंच. भारतातल्या इतर समाजांतल्या मुलांमध्येही या जनुकाचे वेगळे बिघाड नंतर सापडले. तरी ‘हा अगरवालांचा आजार’ अशी ओळख कानावर पडत राहते. त्या समाजातल्या मुलीच्या लग्नात ती आडवी येऊ शकते आणि बाकीच्यांना वाटतं, आपल्याला काय.

आपल्याला काय, याचं उत्तर २०१७ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलं. हैदराबादच्या सीसीएमबीचे के. थंगराज, हार्वर्डचे डेव्हिड राइक आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातले २६३ समाज तपासले. त्यांपैकी ८१ समाजांत मोजक्या पूर्वजांचा ठसा फिन लोकांपेक्षा आणि युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक निघाला. हे दोन्ही गट आनुवंशिक आजारांच्या पुस्तकात नेहमीची उदाहरणं असतात. या ८१ पैकी १४ समाजांची लोकसंख्या दहा लाखांच्या वर. निबंधात वैश्य समाजाचं उदाहरण आहे. त्यांच्यात एका एन्झाइमच्या कमतरतेमुळे भूल देताना वापरलं जाणारं एक औषध शरीरात नको तितका वेळ टिकतं, आणि हे प्रमाण इतरांच्या शंभरपट. त्याच तेलुगू मुलखातून आलेली कोमट्यांची घरं आमच्या सोलापुरातही आहेत. थोडक्यात, गोत्र पाळा नाहीतर मामाशी लग्न करा, कुंपण असलं की आत काहीतरी साचतं. मामा-भाचीत ते लवकर समोर येतं, एवढंच.

माझ्या भावाची जनुकीय तपासणी २०२२ साली पुण्यात झाली. एमएलसी१मध्ये बिघाड निघाला, अगरवालांचा नव्हे, वेगळा, आणि दोन्ही प्रतींवर तोच. दोन्ही प्रती बहुधा माझ्या पणजीकडून किंवा पणजोबांकडून आलेल्या. तिथल्या समुपदेशक बाईंनी आधीचे कागद मागितले, तेव्हा मावशीने पिशवीतून जुनी कालनिर्णयं काढली. तेरा वर्षांची. फिट आली त्या तारखेला लाल फुली, पडला त्या तारखेला गोल, आणि गोलानंतर किती दिवस गुंगीत होता तेवढ्या चौकटींवर आडवी रेघ. २०१३च्या कार्तिकात ओट्यावरून घसरला, पुढे चार चौकटी रेघ. बाईंनी एकेका पानाचे फोटो काढून घेतले. मावशी सातवी शिकलेली आहे. हे करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. गोळी बदलली की फुल्या कमी होतात का, एवढंच तिला बघायचं होतं.

भाऊ आता विशी ओलांडून गेलाय. खुर्चीत असतो, सायकलवाल्यांचं हेल्मेट घालून, त्यावर चेन्नईचं पिवळं स्टिकर. बोलायला वेळ लागतो, पण टोमणा मारायचा असला की वेळ काढतो. औषध अजून नाही. फिटच्या गोळ्या, व्यायाम आणि डोकं सांभाळणं, एवढेच उपचार.

प्रश्न सध्या त्याच्या बहिणीचा आहे. ती एम.कॉम. करतेय आणि तिला स्थळ आलंय ते पुन्हा नात्यातलंच, काकांच्या चुलत घरातलं. मुलगा चांगला, दोघांची पसंती आहे. आजारी मुलाचं भावंड ठणठणीत असेल तर ते वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. ती वाहक निघाली तरी तिला स्वतःला काही होणार नाही. प्रश्न मुलाच्या रक्ताचा आहे, कारण पणजी त्याचीही तीच. तिने स्वतःहून आपला नमुना पाठवला. मुलाने पाठवावा असं मी फोनवर त्याच्या वडिलांना बोललो, मराठीत आणि मग कन्नडमध्ये. ते म्हणाले, आमच्या घरात असलं काही नाही, आणि उद्या कागदावर काही निघालं तर धाकटीला कोण करून घेणार? मी चारात एकचा हिशेब सांगितला. त्यांनी ऐकून घेतला. मग विचारलं, म्हणजे चारातले तीन चांगले ना?

तिचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात येणार आहे. मुलगा म्हणाला, वडिलांना न सांगता मी पुण्याला येऊन रक्त देतो, पत्ता पाठव. मी पाठवलाय.